शाळेचे मंत्रिमंडळ कोणासाठी?

जूनमध्ये शाळा उघडतात आणि जुलैत महाराष्ट्रातल्या अनेक प्राथमिक शाळांत निवडणुकीचा हंगाम येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळासाठी अर्ज भरले जातात, माघारीची मुदत ठरते, मोबाइलवरच्या ॲपला मतदान यंत्र केले जाते, बोटाला शाई लागते, निकाल लागल्यावर गुलाल उधळतो आणि मुख्यमंत्र्यापासून पोषण आहार मंत्र्यापर्यंत सर्वांचा शपथविधी होतो. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत हेच काम हेड बॉय, हेड गर्ल आणि हाउस कॅप्टन यांना पट्टे व बिल्ले देऊन होते. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. पुढे वर्षभर या मंत्र्यांनी काय केले, किती निर्णय घेतले, त्यातला एखादा तरी मुख्याध्यापकांनी मानला का, याची बातमी कधी होत नाही. मुळात तसे काही घडावे अशी अपेक्षाच बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून विद्यार्थी-नेतृत्वाचे उपक्रम चांगले की वाईट, असे ढोबळपणे विचारून भागणार नाही. या उपक्रमांतून कोणत्या मुलांना काय मिळते आणि ते मिळण्यासाठी काय असावे लागते, हे तपासायला हवे.

जगभरातले अनुभव आणि संशोधन एकत्र ठेवून पाहिले, तर एक निष्कर्ष ठळकपणे पुढे येतो. प्राथमिक वयात भावी नेते हुडकत बसण्यापेक्षा जबाबदारी सगळ्या मुलांमध्ये फिरती ठेवावी, आणि त्या जबाबदारीला थोडासा का होईना, खरा अधिकार जोडावा. या दोन्ही अटी पाळल्या तर उपक्रम उपयोगी पडतो. एक पाळली तर अर्धामुर्धा लाभ होतो. दोन्ही सोडल्या तर उरतो तो वार्षिक सोहळा, आणि तो काही वेळा अपायही करतो. आपल्याकडे दोन्ही अटी सहसा सुटतात, याचे कारण आपण हा उपक्रम ज्या परंपरेतून उचलला तिच्यात दडलेले आहे.

ती परंपरा बरीच जुनी आहे, आणि तिचा एक धागा भारतातूनच निघतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा कारभार पाहत होता. मोठी मुले लहानांना वाळूत अक्षरे गिरवायला शिकवतात, ही इथल्या गावठी शाळेतली पद्धत त्याने पाहिली आणि ती आपल्या अनाथालयात आणली. १७९७ मध्ये त्याने लंडनला तिचा वृत्तांत छापला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी अशीच शाळा चालवली. एक शिक्षक, शेकडो मुले आणि मधल्या फळीत मॉनिटर, असा तो स्वस्त कारखाना होता. मॉनिटरने शिकवायचे, हजेरी घ्यायची, आवाज करणाऱ्यावर नजर ठेवायची. दुसरा धागा इंग्लंडच्या श्रीमंत निवासी शाळांचा. थॉमस अर्नोल्ड १८२८ ते १८४२ या काळात रग्बी शाळेचा मुख्याध्यापक होता. वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती शिस्तीची सूत्रे देऊन त्याने प्रीफेक्ट पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून दिली. साम्राज्याचे भावी अधिकारी घडवणे हे त्या शाळांचे उघड काम होते. दोन्ही पद्धतींत नेतृत्व म्हणजे वरून मिळालेली सत्ता खाली राबवणे. शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणारा आजचा मॉनिटर या घराण्यातला आहे. आपण त्याला मंत्रिपद दिले, पण काम बदलले नाही.

याच्या शेजारी आणखी एक परंपरा आहे आणि तिची मुळे आपल्या अंगणातही आहेत. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी गांधीजींच्या नई तालीमची शाळा चालवली. तिथे मुले आमसभेत आपले मंत्री निवडत. सफाई, स्वयंपाक, आरोग्य ही कामे त्या मंत्र्यांकडे असत आणि केलेल्या कामाचा हिशेब सभेपुढे मांडावा लागे. आजचे शालेय मंत्रिमंडळ दिसायला या आमसभेसारखे आहे. त्यातला हिशेब तेवढा गळाला. पोलंडमध्ये यानुश कोर्चाक या डॉक्टरने १९१२ मध्ये सुरू झालेल्या वॉर्सातल्या ज्यू अनाथालयात मुलांचे न्यायालय उभे केले. ज्यांच्यावर त्या आठवड्यात खटला नाही अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात. न्यायालयाच्या संहितेतली पहिली ९९ कलमे क्षमेची होती. मुलांनी खुद्द कोर्चाकवर खटले भरले आणि तो त्यांना सामोरा गेला. जुलै १९४२ मध्ये, नाझींच्या वेढ्यात, याच अनाथालयातल्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ नाटक सादर केले; पुढच्याच महिन्यात मुले आणि कोर्चाक त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारली गेली. या परंपरेत मुलांचा अधिकार मोठ्यांनाही लागू होत असे. मॉनिटरच्या परंपरेत ही कल्पनाही कोणाला सुचली नसती.

कायदा आणि धोरण यांच्या पातळीवर आपण दुसऱ्या परंपरेच्या बाजूचे आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतले कलम १२ सांगते की मुलाशी संबंधित बाबींत त्याला मत मांडता आले पाहिजे आणि त्या मताला त्याच्या वयानुसार वजन मिळाले पाहिजे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या सहभागाचा पुरस्कार केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली, आणि महाराष्ट्रात त्या समितीवर मतदानाचा अधिकार नसलेले विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. मीना-राजू मंच, बालसभा, मुलांनी चालवलेला परिपाठ, २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शाळांतून सुरू झालेला मूल्यवर्धन हा उपक्रम, अशी यादी वाढवता येईल. म्हणजे रचना कमी नाहीत. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या अशा: मोठ्यांनी मुलांना आपल्या कामासाठी वापरणे, मुलांना शोभेसाठी उभे करणे, आणि नावापुरते स्थान देणे. या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाही. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कोपऱ्यात बसवलेला आणि चहा आल्यावर वर्गात पाठवलेला विद्यार्थी प्रतिनिधी कोणत्या पायरीवर आहे, हे सांगायला अभ्यासक लागत नाही.

अशा उपक्रमांचा मुलांवर परिणाम होतो याला पुरावा काय? सर्वात जुना आणि अजूनही मोलाचा पुरावा कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात दहा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. काही मंडळांचा प्रौढ प्रमुख हुकूम सोडणारा होता, काहींचा मुलांशी ठरवून काम करणारा, तर काहींचा सगळे सोडून देणारा. हुकूमशाही मंडळांपैकी जी मुकाट्याने ऐकत होती, त्यांत प्रमुख समोर असताना ७४ टक्के वेळ कामात जाई. तो खोलीबाहेर गेला की हे प्रमाण २९ टक्क्यांवर येई. लोकशाही मंडळांत ते ५० वरून फक्त ४६ वर उतरे. नुसते सोडून दिलेल्या मंडळांचे काम सुमारच राहिले. यातून दोन बोध निघतात. करडी नजर असेपर्यंत हुकमाने जास्त काम होते, हे खरेच आहे. मॉनिटर पद्धत टिकली ती म्हणूनच. पण नजर हटताच जे टिकते, तेच शिकलेले असते. दुसरा बोध असा की मुलांना मोकळे सोडणे म्हणजे लोकशाही नव्हे. शिक्षकाचे काम कमी होत नाही, त्याची तऱ्हा बदलते.

पुढचा प्रश्न अधिक टोकदार आहे. ज्या मुलांत नेतृत्वगुण असतात त्यांना पद मिळते, की पद मिळाल्यामुळे गुण येतात? शाळेतला नेहमीचा अनुभव याचे उत्तर देऊ शकत नाही, कारण पद सहसा हुशार आणि धीट मुलालाच मिळते आणि पुढे तो चमकला की आपण निवड बरोबर ठरली म्हणतो. मायकेल अँडरसन आणि फांगवेन लू यांनी चीनमधल्या एका माध्यमिक शाळेत ही गाठ सोडवली. पदासाठी सुचवलेल्या विद्यार्थ्यांमधून प्रत्यक्ष पदे नशिबावर सोडून वाटली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पद मिळालेल्यांचे गुण वाढले, वर्गातला त्यांचा मान वाढला आणि पुढाकार घेण्याची वृत्तीही वाढली. हा अभ्यास प्राथमिक वयाचा नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी त्याचा रोख स्पष्ट आहे: पद माणसाला घडवते. भारतातला पुरावा याला पूरक आहे. पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांचा अभ्यास बीमन, दुफ्लो, पांडे आणि टोपालोवा यांनी २०१२ मध्ये मांडला. जिथे सरपंचपद लागोपाठ दोन खेपा स्त्रियांसाठी राखीव होते, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आईबापांच्या आकांक्षांमधली दरी २५ टक्क्यांनी, तर खुद्द किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली. त्या पदावर बाई बसलेली दिसली, एवढ्याने शेजारच्या घरातल्या मुलीचे स्वप्न बदलले. पद धारण करणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही पद घडवत असेल, तर ते आधीच आत्मविश्वास असलेल्या पाचसात मुलांपुरते राखून ठेवणे हा इतरांवर अन्याय आहे. शाळेने मुलांची गाळणी होण्याऐवजी त्यांना वाढवायचे असते.

निवडणूक नेमकी ही गाळणी करते. मुले कोणाला मत देतात? जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डाल्गास यांनी २००९ मध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वित्झर्लंडमधल्या ५ ते १३ वर्षांच्या मुलांना फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतल्या अनोळखी उमेदवारांच्या फोटोंच्या जोड्या दाखवल्या आणि बोटीचा कप्तान कोणाला कराल, असे विचारले. मुलांनी ७१ टक्के वेळा खऱ्या निवडणुकीत जिंकलेल्या उमेदवाराचा चेहरा उचलला. चेहरेपट्टीवरून कर्तृत्व जोखण्याची मोठ्यांची खोड मुलांतही तितकीच असते. आपल्या वर्गात चेहऱ्याच्या जोडीला उंची, कपडे, भाषेचा शुद्धपणा, वडिलांचा हुद्दा आणि आडनावही येते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर न करता सवर्ण आणि दलित मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. वर्गातली उतरंड अशा रीतीने चारचौघांत अधोरेखित केली की तिचा भार खालच्या मुलाच्या बुद्धीवर पडतो. दरवर्षी पडलेल्या उमेदवारांची यादी फळ्यावर लावताना याचा विचार कोणी करत नाही.

मग निवडणुकीऐवजी काय? उत्तर फार लांब नाही. तामिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या चोळकालीन शिलालेखात गावाच्या समित्यांचे सदस्य घड्यातून चिठ्ठी काढून निवडण्याची तपशीलवार रीत कोरली आहे. पात्रतेच्या अटी होत्या, मुदत एका वर्षाची होती, नुकतेच पद भूषवलेल्यांना पुन्हा संधी नव्हती आणि चिठ्ठी काढण्याचे काम लहान मुलाचे होते. आजही महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या आरक्षणाची सोडत काढताना चिठ्ठी उचलायला शाळकरी मुलालाच बोलावतात. सोडत निःपक्ष असते हे त्या मुलाला कळते. ती त्याच्या वर्गातही काढता येते हे आपण त्याला सांगत नाही. बोलिव्हियातल्या काही शाळांनी विद्यार्थी मंडळाची निवडणूक बंद करून सोडत सुरू केली आहे. जपानने तर सोडतीचीही गरज ठेवली नाही. तिथल्या प्राथमिक शाळेत ‘निच्चोकु’ म्हणजे दिवसाचा कारभारी रोज बदलतो. तास सुरू करणे, बैठकीचे सूत्रसंचालन, दिवसाची नोंद ही कामे यादीनुसार प्रत्येक मुलाकडे येतात. बुजरा असो की दांडगट, कोणी सुटत नाही. दुपारचे जेवण वाढणारी तुकडी आठवड्याने बदलते, वर्गाची सफाई मुले स्वतः करतात आणि वर्गसभेत तंटे सोडवले जातात. ‘तोक्कात्सु’ या नावाने हे सगळे अभ्यासक्रमाचाच भाग आहे. इजिप्तने अलीकडे आपल्या काही शाळांत ते जपानकडून घेतले आहे. काल ज्याने सर्वांना शांत बसवायचा आटापिटा केला, तो आज दुसऱ्याच्या पाळीला कमी गोंधळ घालतो. नेत्याला ऐकणाराही इथेच तयार होतो, आणि याची बेरीज नेतृत्वाच्या कोणत्याही मोजमापात येत नाही.

जपानचा वर्ग भरलेला आणि शिक्षक पुरेसे असतात. आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळेत पाच इयत्ता आणि दोन शिक्षक असतात, असे कोणी म्हणेल. म्हणून कोलंबियाकडे पाहायला हवे. तिथल्या डोंगराळ खेड्यांतल्या बहुवर्ग शाळांसाठी १९७० च्या दशकाच्या मध्याला व्हिकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस्क्वेला नुएवा’ म्हणजे नवी शाळा हा प्रयोग सुरू केला. मुले आपापल्या गतीने मार्गदर्शिकांतून शिकतात, शिक्षक गटागटांत फिरतो आणि विद्यार्थ्यांचे सरकार हे या पद्धतीचे आवश्यक अंग आहे. वाचनालय, बाग, आरोग्य, शिस्त यांच्या समित्या असतात आणि प्रत्येक मूल कोणत्या ना कोणत्या समितीत असते. ऐंशीच्या दशकात कोलंबिया सरकारने हे धोरण म्हणून स्वीकारले. १९९७ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने लॅटिन अमेरिकेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांची भाषा आणि गणिताची तुलनात्मक चाचणी झाली. महानगरे वगळता, ग्रामीण शाळांनी शहरी शाळांना मागे टाकलेला देश एकच निघाला, तो कोलंबिया. याचे सारे श्रेय विद्यार्थी-सरकारला देणे चुकीचे ठरेल. मार्गदर्शिका आणि शिक्षक-प्रशिक्षण यांचा वाटा मोठा आहे. पण एवढे निश्चित म्हणता येते की मुलांच्या हाती कारभार दिल्याने अभ्यास बुडाला नाही, आणि ज्या शाळेत शिक्षक कमी आहेत तिथे तर तो कारभार चैनीचा न राहता गरजेचा होतो.

दुसरी अट खऱ्या अधिकाराची. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा चालवल्या. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काढलेल्या कुरणशाळेशी त्यांचे नाते जवळचे आहे. तिलोनियाच्या मुलांनी आपली बालसंसद निवडली आणि या संसदेकडे शाळेवर देखरेख करण्याचे काम आले. शिक्षक वेळेवर येतो का, दिवे नीट आहेत का, गावचा हातपंप चालू आहे का, हे मुले पाहत आणि मोठ्यांकडून जाब घेत. कर्नाटकात उडुपी जिल्ह्यातल्या केराडीत १९९५ च्या सुमारास ‘मक्कळ पंचायत’ म्हणजे मुलांची पंचायत सुरू झाली. मुले स्वतः माहिती गोळा करून गावपंचायतीपुढे प्रश्न मांडत. पुढे राज्य सरकारने ग्रामपंचायतींना मुलांची खास ग्रामसभा घेण्याचे आदेश काढले. या दोन्ही ठिकाणी निवडणूक होती, पण तिच्यामागे काम होते आणि कामाला उत्तर देणारे मोठे लोक होते. याच्या उलट टोकाला बाजारातला नेतृत्वाचा साचा आहे. अमेरिकेतल्या रॅली शहरातील ए. बी. कॉम्ब्स प्राथमिक शाळेने १९९९ मध्ये स्टीफन कोवी यांच्या ‘सेव्हन हॅबिट्स’ या पुस्तकातल्या सवयी मुलांना शिकवायला सुरुवात केली. पुढे कोवी यांच्या कंपनीने त्याचा ‘द लीडर इन मी’ हा कार्यक्रम केला आणि तो हजारो शाळांत पोहोचला. प्रत्येक मुलात नेता आहे, हे त्याचे गृहीतक स्वागतार्ह आहे आणि वर्गातली छोटी पदे तो सर्वांना वाटतो. पण त्याची भाषा व्यवस्थापन-प्रशिक्षणाची आहे. मुलाने स्वतःला सुधारायचे, ध्येय लिहायचे, प्रगतीची वही ठेवायची. शाळेचा एखादा नियम चुकीचा असेल तर तो कसा बदलायचा, हा प्रश्न त्यात दुय्यम राहतो. फी भरून आणलेल्या अशा साच्यात मूल शिस्तशीर होईल. नागरिक होण्यासाठी त्याला बोलल्याने काही बदलते हा अनुभव लागतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वयाचा: सहा-सात वर्षांच्या मुलांना नियम आणि निर्णय काय कळणार? ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मुलांच्या गोट्यांच्या खेळावरून याचा शोध घेतला. लहान मुले नियमांना अढळ आणि मोठ्यांनी दिलेले मानतात. दहाच्या आसपास त्यांना कळू लागते की सर्वांच्या संमतीने नियम बदलता येतो. पियाजेंच्या मते हा बदल बरोबरीच्या मुलांशी देवाणघेवाण करूनच होतो, उपदेशाने होत नाही. आपल्या गल्लीतही मुले टाइम प्लीज कधी चालेल हे ठरवतात आणि धाकट्या भावाला लिंबूटिंबू म्हणून सवलतीत खेळवतात. दुर्बलासाठी नियम शिथिल करावा, ही समज त्यांच्याकडे असते. म्हणून पहिली-दुसरीत ठरलेल्या कामांची पाळी आणि चौथी-पाचवीपासून नियम ठरवण्यात वाटा, अशी चढती मांडणी योग्य ठरते. वयाचा आक्षेप मंत्रिमंडळाच्या निवडणुकीला लागू पडतो, जबाबदारीला नाही.

दुसरा आक्षेप लोकशाहीच्याच बाजूने येतो. निवडणूक काढून टाकली तर मुलांना मतदानाची ओळख कशी होणार? शिवाय महाराष्ट्रात महाविद्यालयांच्या थेट निवडणुका १९९० च्या दशकात थांबल्या, मग शाळेतलीही घालवायची का? या आक्षेपात तथ्य आहे. पण मतदान माणसांवरच करावे लागते असे कुठे आहे? सहल कुठे न्यायची, शाळेला मिळालेल्या पैशातून चेंडू घ्यायचे की गोष्टींची पुस्तके, मधल्या सुट्टीत मैदान कोणत्या वर्गाने कधी वापरायचे, अशा प्रश्नांवर चर्चा आणि मतदान घ्यावे. तिथे हरणारा प्रस्ताव असतो, हरणारे मूल नसते. आणि बाजू मांडणे, ऐकणे, बहुमत स्वीकारणे हे सगळे शिकून होते. प्रतिनिधी निवडण्याचा अनुभव सातवी-आठवीपासून पुढे द्यावा. गुणी मुलाचे काय, हा त्याचाच जोडप्रश्न. फिरत्या जबाबदारीने गुणी मुलाची वाट अडत नाही. त्याची पाळी उत्तम पार पडेल आणि इतर वेळी तो दुसऱ्याला मदत करील; आपल्यापेक्षा कमी धीट मुलाच्या हाताखाली काम करणे हे त्याच्याही शिक्षणात बसते. अतिशय बुजऱ्या मुलाला मात्र एकटे पुढे ढकलू नये. जोडी करून द्यावी, बोलण्याऐवजी नोंदी ठेवण्याचे काम द्यावे.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे आणि तो आपल्या समाजाच्या घडणीतून येतो. मुलांकडून कामे करून घेणे आपल्याकडे निष्पाप नसते. झाडू मुलींच्या हाती, घंटा मुलांच्या हाती. पाणी भरायला कोण आणि पाण्याला हात कोण लावणार नाही, हे अनेक ठिकाणी न बोलता ठरलेले असते. शाळेचे स्वच्छतागृह विशिष्ट जातींच्या मुलांकडून साफ करून घेतल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या आहेत. जपानची सफाई इथे जशीच्या तशी आणली तर ती जुन्या विषमतेला नवे नाव देईल. यावर उपाय फिरत्या यादीचाच आहे, पण ती यादी भिंतीवर सर्वांना दिसेल अशी लावलेली आणि अपवादाविना पाळलेली हवी. पोषण आहार वाढण्याची पाळी प्रत्येक मुलाची आली, सरपंचाच्या नातवाने केर काढला आणि मुलीने कवायतीचा हुकूम दिला, तर त्या यादीचे शिक्षणमूल्य नागरिकशास्त्राच्या पूर्ण पुस्तकाहून जास्त ठरेल. स्वच्छतागृहाची सफाई मात्र मुलांकडे नसावी. त्यासाठी शाळेला पैसे आणि माणूस मिळणे ही सरकारची जबाबदारी आहे.

चौथा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खराच आहे. ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची ड्यूटी यांनी व्यापलेल्या वेळात आणखी एक उपक्रम कोणाला हवा? पण इथे मागणी वाढीव कामाची नाही. परिपाठाचा वेळ आहे, शनिवारची बालसभा आहे, हजेरी आणि आहार वाटप रोजच आहे. जे होतेच आहे त्याचा कारभार मुलांकडे आळीपाळीने सोपवायचा आणि निवडणुकीच्या सोहळ्यात जाणारा आठवडा वाचवायचा. खरी अडचण वेळेची नसून सवयीची आहे. मुलांनी ठरवलेले मानणे म्हणजे आपल्या अधिकाराला कात्री लावणे, ही धास्ती त्यामागे असते. मुख्याध्यापकाला वरून परिपत्रक येते, केंद्रप्रमुखाला त्याच्याही वरून. ज्या व्यवस्थेत कोणत्याच पातळीवर निर्णयाची मुभा नाही, तिथे मुलांना ती देणे अवघड जाते. म्हणून विद्यार्थी-नेतृत्वाचा प्रश्न शेवटी शाळेच्या स्वायत्ततेशी येऊन भिडतो, आणि केवळ परिपत्रक काढून तो सुटणार नाही.

तरीही शाळेच्या पातळीवर आज करता येण्याजोगे बरेच आहे. पाचवीपर्यंत व्यक्तींची निवडणूक बंद करून कामांची फिरती यादी करावी. मुलांवर नजर ठेवण्याचे आणि नावे लिहून देण्याचे काम कोणत्याही मुलाला देऊ नये. महिन्यातून एकदा वर्गसभा घ्यावी, तिच्यापुढे एक तरी असा प्रश्न ठेवावा ज्याचा निर्णय शाळा पाळणार आहे, आणि एखादा निर्णय मानता येत नसेल तर त्याचे कारण मुलांना सांगावे. व्यवस्थापन समितीतल्या विद्यार्थी प्रतिनिधींना बैठकीच्या सुरुवातीला बोलू द्यावे आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहावे. यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही. वर्षअखेरीस उपक्रमाचे मूल्यमापन करताना मंत्री किती झाले हे मोजू नये. वर्गातल्या किती मुलांवर एकदा तरी जबाबदारी आली आणि मुलांच्या सांगण्यावरून शाळेत काय बदलले, हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्याचे उत्तर ‘सर्वांवर’ आणि दुसऱ्याचे उत्तर ‘काहीतरी’ असे येत नसेल, तर त्या शाळेने पुढच्या जुलैतला शपथविधी रद्द करावा.